उन्हाचा निरोप

मुडदूस हा शब्द हल्ली कानावर फारसा पडत नाही. माझ्या आजीच्या बोलण्यात तो वरचेवर येई. एखादे मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही पाय टेकीना, कपाळ पुढे आलेले, मनगटाची हाडे जाड झालेली, पोट नगाऱ्यासारखे आणि पाय धनुष्यासारखे वाकलेले, असे दिसले की ती हळूच म्हणायची, "मुडदूस झालाय गं पोराला." त्या शब्दातच काहीतरी मुडद्यासारखे अभद्र होते. त्यामुळे तो आम्हा पोरांना मोठ्याने उच्चारूही देत नसत.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मराठी शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. शास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांबरोबर चहा पिण्यापुरताच. पण गेल्या पावसाळ्यात या मुडदुसाच्या इतिहासात मी असा काही गुरफटलो, की हाती घेतलेली कादंबरी बाजूला पडली. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जरा कडू वाटेल; पण ही हकीकत ऊन, अंधार आणि आपल्या शरीरातल्या कोट्यवधी पेशींची आहे. आणि तिच्यात आपले नाशिकही आहे.

युरोपात या रोगाला इंग्रजांचा रोग म्हणत. १६४५ साली डॅनियल व्हिस्लर नावाच्या तरुण इंग्रज वैद्याने हॉलंडातील लायडनच्या विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला, आणि पाच वर्षांनी फ्रान्सिस ग्लिसनने त्यावर मोठा ग्रंथच काढला. पुढे कारखाने आले, कोळशाचा धूर आला. गल्ल्या इतक्या अरुंद झाल्या की सूर्य वर येई आणि मावळे, पण खालच्या पोरांना त्याचा पत्ता लागत नसे. शहरागणिक वाकड्या पायांची मुले वाढू लागली. कुणी म्हणे हा आहाराचा दोष, कुणी म्हणे घाणीचा, कुणी म्हणे आईबापांच्या रक्तातलाच.

खरे कारण एका पोलिश वैद्याने फार लवकर ओळखले होते. येंजेई स्न्यादेत्स्की हे त्याचे नाव. वॉर्सा शहरात राहणाऱ्या मुलांना मुडदूस होतो आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना तो क्वचितच होतो, हे त्याने १८२२ साली लिहून ठेवले आणि मुलांना उन्हात न्या असे सांगितले. पण ऊन फुकटचे औषध. फुकटच्या औषधाला मान कोण देणार? पुढे १८९० साली थिओबाल्ड पाम या इंग्रज मिशनरी डॉक्टरने तीच गोष्ट नकाशा पुढे ठेवून दाखवली. तो जपानात राहून आला होता आणि तिकडे त्याला हा रोग दिसला नव्हता. त्याने देशोदेशींच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रे घालून माहिती मागवली आणि सांगितले, की जिथे सूर्य कमी तिथे मुडदूस जास्त. त्याचेही कुणी फारसे ऐकले नाही.

पामच्या या हिशेबात एक मोठी शंका उरत होती. सूर्य जर औषध, तर हिंदुस्थानात हा रोग असताच कामा नये. आमच्याकडे सूर्याला काय तोटा? चैत्र-वैशाखात तर नको नको होते!

या शंकेचे उत्तर ज्या गावांनी दिले, त्यांत एक नाशिक. हचिसन नावाच्या डॉक्टरने तिथे आपल्या सहकाऱ्यांबरोबर पाहणी केली. १९२१ साली पटेल यांच्याबरोबर आणि १९२२ साली शहा यांच्याबरोबर त्याने लिहिलेले निबंध विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. त्यांना आढळले ते असे: ज्या घरांत खाण्यापिण्याची ददात नाही, दूधदुभते आहे, पण पडदा पाळला जातो, त्या घरांतल्या लेकरांना आणि लेकुरवाळ्यांना हाडांचा हा रोग होता. आणि ज्या गरीब बायका अर्धपोटी राहून, पोर पाठीला बांधून दिवसभर उघड्यावर राबत, त्यांच्या पोरांची हाडे मात्र शाबूत होती. पडदा काही एकाच धर्माच्या घरात नव्हता. बड्या मुसलमानांच्या घरी होता, तसाच प्रतिष्ठित हिंदूंच्या घरीही होता.

हे वाचताना मी थबकलो. कादंबरीकाराला घराच्या आतला भाग दिसतो. गोदेकाठचा तो वाडा, बाहेर चौकात लख्ख ऊन, आणि आत माजघराच्या मागे बाळंतिणीची काळोखी खोली. खिडकीला फळी, दाराला पडदा, शेकशेगडीचा धूर. सूर्य वीस पावलांवर आणि तिथपर्यंत जायची बंदी! बाहेर पडायचे ते रात्री, किंवा नखशिखान्त झाकून. पुरुष मंडळी घाटावर उघड्या अंगाने सूर्याला अर्घ्य देत होती, आणि त्यांच्याच घरातली तान्ही पोरे सूर्यावाचून वाकत होती.

आणि हे नुसत्या वाकड्या पायांवर थांबत नव्हते. मुलीच्या कमरेची हाडे मऊ पडली की ती दबतात आणि बाळाची वाट अरुंद होते. मग ती मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षी बाळंत व्हायला बसली की तीन-तीन दिवस अडून राहायची. किती जणी त्यात गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला? कॅथलीन व्हॉन नावाची डॉक्टरीण काश्मिरात काम करीत होती. पडदानशीन बायकांची अडलेली बाळंतपणे तिने पाहिली आणि होड्यांवर राहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांची सुखरूप बाळंतपणेही पाहिली. १९२८ साली तिने पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. आपल्याकडच्या समाजसुधारकांनी पडद्याविरुद्ध पुष्कळ लिहिले, पण त्यांच्या बाजूने हाडेही साक्ष देत होती हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

इकडे युरोप-अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतरच्या पाच-सहा वर्षांत या रोगाचे कोडे झपाट्याने सुटत गेले. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्यांची पिल्ले घरात कोंडून ठेवून त्यांना ओटच्या पिठावर वाढवले. त्यांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजताच तो बरा झाला. हे १९१९ चे काम. म्हणजे औषध अन्नात होते तर! पण त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने भलतेच काही सिद्ध केले. त्याने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसवले. या दिव्यातून अतिनील किरण निघतात. काही आठवड्यांत मुलांची हाडे भरून आली, आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रांत ते स्वच्छ दिसले. त्याने केलेली एक गोष्ट मला मोठी नामी वाटते. मुलाच्या एकाच हातावर उजेड पाडायचा, दुसरा झाकून ठेवायचा. दोन्ही हात बरे झाले! म्हणजे उजेड स्वतः हाडांवर काम करीत नव्हता. उजेड कातडीत काहीतरी तयार करीत होता आणि ते रक्तातून दूरवर जात होते. एका झाकल्या हाताने केवढे सांगितले! हा हुल्डशिन्स्की ज्यू होता. पुढे हिटलरच्या राज्यात त्याला जर्मनी सोडून इजिप्तला जावे लागले.

आता तेल खरे की ऊन खरे? व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक या इंग्रज विदुषीने युद्धाने उपाशी झालेल्या मुलांच्या दवाखान्यात दाखवले, की दोन्ही खरे. हिवाळ्यात तेल द्या किंवा दिवा द्या, मूल बरे होते. उन्हाळ्यात बागेत ठेवले तर तेलाचीही गरज नाही. न्यू यॉर्कमध्ये आल्फ्रेड हेसने इस्पितळाच्या गच्चीवर मुलांना ऊन देऊन तेच केले. अमेरिकेतच एल्मर मॅककोलम याने माशाचे तेल तापवून त्यात हवा खेळवली. त्यामुळे डोळ्यांचा रोग बरा करणारे अ जीवनसत्त्व नष्ट झाले, पण मुडदूस बरा करण्याचा गुण तसाच राहिला. म्हणजे या तेलात दुसरेही एक द्रव्य होते. अ, ब, क ही अक्षरे अगोदरच वापरली गेली होती, म्हणून १९२२ साली याला चौथे अक्षर मिळाले, ते आपले ड.

यानंतर पैशाचा प्रवेश झाला, आणि तो सांगायलाच हवा. १९२४ साली विस्कॉन्सिनच्या हॅरी स्टीनबॉक याने दाखवले, की अन्नावरच अतिनील किरण सोडले तर त्या अन्नात मुडदूस बरा करण्याचा गुण येतो. हेसलाही स्वतंत्रपणे हेच दिसले होते. स्टीनबॉकने त्याचे पेटंट घेतले, पण स्वतःचे घर भरण्यासाठी नव्हे. त्यासाठी १९२५ साली विद्यापीठाशी जोडलेला एक न्यास स्थापन झाला आणि पैसा संशोधनाकडे वळवला गेला. इथपर्यंत सगळे शोभून दिसते. पण विस्कॉन्सिन हा दुधालोण्याचा प्रांत. तेव्हा गोरगरीब जे स्वस्त मार्गारिन खात, त्याला हे किरण देण्याची परवानगी न्यासाने दिली नाही, कारण लोण्याचा खप घटला असता. पुढे १९४० च्या दशकात खटला उभा राहिला, तेव्हा न्यायालयाने याच गोष्टीवर बोट ठेवले आणि ती पेटंटे रद्द झाली. ज्यांच्या पोरांना मुडदूस होत होता त्यांच्याच ताटातून औषध वगळायचे, हा व्यवहार कुठल्याही देशात सारखाच दिसतो. असो. अडोल्फ विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला या घराण्यातील द्रव्यांच्या अभ्यासाबद्दल १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३० च्या दशकात ड जीवनसत्त्वाची रचना उलगडली.

इथे बहुतेकांना वाटले, की गोष्ट संपली. दुधात ड घालावे, मुडदूस जावा. झाले! खरे तर महत्त्वाचा प्रश्न अजून कुणी विचारलाच नव्हता. हे द्रव्य शरीरात जाऊन करते तरी काय? चुना भिंतीला थापावा तसे ते हाडाला कॅल्शियम थापते की काय?

एक गोष्ट लोकांना खटकत होती. ज्या जनावराला ड मिळालेले नाही त्याला ते दिले, तर आतड्यातून कॅल्शियम ओढून घेण्याचे काम लगेच सुरू होत नाही. कित्येक तास जावे लागतात. औषध पोटात गेले, रक्तात गेले, आणि तरी हे तास कशात जातात? मधल्या वेळात शरीरात काहीतरी घडवले जात असले पाहिजे.

काय घडवले जाते, हे सांगण्यापूर्वी मला पेशीविषयी थोडे बोलू द्या. शास्त्राच्या मास्तरांनी मला समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात एक पोथी असते. तिचे नाव डीएनए. पोथीची लिपी फक्त चार अक्षरांची आणि तिच्यात सुमारे वीस हजार ओव्या अशा, की प्रत्येक ओवीवरून एखादे प्रथिन घडवता येते. या ओव्यांना जनुके म्हणतात. डोळ्याच्या पेशीतली पोथी आणि आतड्याच्या पेशीतली पोथी अगदी एकच. फरक एवढाच, की एका घरी एक अध्याय वाचला जातो, दुसऱ्या घरी दुसरा. बाकीची पोथी रुमालात गुंडाळलेली. तेव्हा पेशीचे सारे आयुष्य, कोणते पान केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, यावर अवलंबून आहे. जनुकाची आधी आरएनए नावाची नक्कल उतरवतात, ती केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. याला वेळ लागतो. ते हरवलेले तास इथे सापडले.

१९६५ साली अमेरिकेत हेक्टर डिलुका यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना आधी ॲक्टिनोमायसिन नावाचे औषध टोचले. हे औषध जनुकाची नक्कल उतरवण्याचे काम बंद पाडते. मग त्यांना ड दिले. काहीही परिणाम झाला नाही! म्हणजे ड स्वतः कॅल्शियम उचलत नव्हते. ते पोथीचे पान उघडवत होते, आणि नक्कलच बंद झाल्यावर त्याचे हात बांधले गेले. पुढच्या वर्षी रॉबर्ट वासरमन यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात, ड दिल्यावरच तयार होणारे, कॅल्शियमला धरून ठेवणारे एक प्रथिन शोधून काढले. पान उघडले की त्यावरून काय तयार होते याचा तो पहिला नमुना.

मग १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात मार्क हॉसलर आणि अँथनी नॉर्मन यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले ड कोंबडीच्या पिल्लांना देऊन त्याचा माग काढला. ते सापडले आतड्याच्या पेशीच्या केंद्रकात, थेट पोथीला चिकटलेले. पण मौज अशी, की जे आत गेले होते ते जसेच्या तसे बाहेर आले नाही. वाटेत त्याचे रूप पालटले होते. हे रूप पालटते कुठे? यकृतात एक बदल होतो हे डिलुकांच्या मंडळींनी त्याच वर्षी सांगितले. दुसरा बदल मूत्रपिंडात होतो, हे १९७० साली केंब्रिजमध्ये डेव्हिड फ्रेझर आणि इगॉन कोडिचेक यांनी उंदरांची मूत्रपिंडे काढून टाकून दाखवले. मूत्रपिंडे नाहीत तर ते शेवटचे रूपही नाही. १९७१ साली त्या शेवटच्या रूपाची ओळख एकदम तीन प्रयोगशाळांनी पटवली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यांची हाडे का ठिसूळ होतात, याचा उलगडा झाला. त्यांना कितीही ऊन द्या, माशाचे तेल पाजा, शेवटचा शिक्काच बसत नाही. हे शेवटचे रूप आता तयार करून गोळीतून देतात. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर जगणाऱ्या असंख्य माणसांना त्याचा आधार आहे.

म्हणजे उन्हाचा निरोप असा प्रवास करतो. दुपारच्या उन्हातले काही अदृश्य किरण कातडीत शिरतात आणि तिथे साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडाचे कडे तोडतात. त्यातून ड तयार होते, ते यकृतात जाते, मग मूत्रपिंडात. तिथून निघणारा खरा निरोप इतका थोडा असतो, की एका मिलिलिटर रक्तात त्याचे वीस ते साठ पिकोग्रॅम सापडतात. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग! एवढ्याशा द्रव्याला जीवनसत्त्व तरी कशाला म्हणायचे? ते आहे अंतःस्रावच, इन्सुलिनच्या आणि थायरॉइडच्या पंक्तीत बसणारे. अक्षर मिळाले आणि नाव चिकटले, एवढेच.

पेशीत या निरोपाची वाट पाहत एक प्रथिन बसलेले असते. त्याला ग्राही म्हणतात. कोंबडीच्या पिल्लांपासून ते हाती लागले १९८७ साली आणि माणसाचे १९८८ साली. माणसाच्या ग्राहीत ४२७ अमिनो आम्लांची माळ आहे. निरोप आला की ही माळ आपला आकार किंचित बदलते, जणू मूठ मिटते. पण ती एकटी पोथीला हात लावीत नाही. तिला जोडीदार लागतो. या जोडीदाराचे नाव आरएक्सआर, आणि तो अ जीवनसत्त्वाच्या द्रव्यांना ओळखणाऱ्या ग्राहींच्या कुळातला! मॅककोलमने १९२२ साली माशाच्या तेलातून ज्यांना एकमेकांपासून वेगळे काढले, त्या दोघांच्या घरचे लोक पेशीच्या केंद्रकात हातात हात घालून उभे आहेत. असा योग मी कादंबरीत घातला असता तर टीकाकारांनी मला झोडपले असते.

ही जोडी पोथीवर विशिष्ट जागा शोधते. सहा अक्षरांचा एक शब्द, मग कोणतीही तीन अक्षरे, मग पुन्हा तोच सहा अक्षरांचा शब्द. एका शब्दावर एक, दुसऱ्यावर दुसरा, असे ते बसतात. मग इतर प्रथिने गोळा होतात, पोथीवरचा रुमाल सैल करतात आणि नक्कल सुरू होते. आतड्यात कॅल्शियमला आत घेणाऱ्या दारांची आणि त्याला पेशीतून पलीकडे नेणाऱ्या हमालांची पाने उघडतात. गळ्यातल्या परावटू ग्रंथीत मात्र हीच जोडी हाडातून कॅल्शियम ओढणाऱ्या स्रावाचे पान मिटवते. एक निरोप, एका घरी उघड आणि दुसऱ्या घरी मीट. मला सगळ्यांत आवडते ते वेगळेच पान. ड आले की पेशी अशा एका विकराचे जनुक उघडते, जे ड चाच नाश करते. निरोप्या येतो, काम सांगतो आणि आपल्याला घालवून देण्याची व्यवस्थाही स्वतःच करून ठेवतो. आमच्याकडे पाहुण्यांना ही विद्या अवगत नाही.

२०१० साली एका पाहणीत माणसाच्या पेशींत ही ग्राही २७७६ जागी बसलेली आढळली आणि ड दिल्यावर २२९ जनुकांच्या कामात फरक पडला. म्हणजे नुसती हाडे नव्हेत. पेशी किती वाढाव्या, शत्रूशी कशा लढाव्या, असल्या बाबतींतही याचा हात आहे. क्षयाचेच घ्या. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ साली कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नोबेल मिळाले होते. क्षयरोग्यांना माशाचे तेल पाजणे आणि गच्चीवर उन्हात निजवणे हा तर त्या काळचा राजमार्ग. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की क्षयाचे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी ड वापरून कॅथेलिसिडिन नावाच्या जंतुनाशक प्रथिनाचे पान उघडतात. रक्तात ड कमी असेल तर हे पान नीट उघडत नाही.

झाले! जिकडेतिकडे ड चा जयजयकार सुरू झाला. पण पेशीत जे दिसते ते माणसात दिसेलच असे नाही. मंगोलियात ८८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षे ड किंवा खोटी गोळी देऊन पाहिले. २०२० साली निकाल आला, की क्षयाची लागण काही टळली नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१८ च्या अखेरीस आला. त्यात ना कर्करोग कमी झाला ना हृदयविकार. ज्याच्या शरीरात पुरेसे आहे त्याला आणखी देऊन फारसे काही साधत नाही, असा माझ्यासारख्याला त्याचा अर्थ लागतो. ओवी एकदा वाचून झाली, तिलाच पुन्हा पुन्हा हाका मारून काय होणार?

तरी आमच्याकडे हल्ली कंबर दुखली की साठ हजार युनिटांची पुडी. आठवड्यातून एक घ्यायची ती आमच्या एका सहशिक्षकांनी उत्साहाच्या भरात रोज घेतली, आणि महिनाभराने मळमळ, तहान आणि मूतखड्याच्या संशयाने दवाखाना गाठला. हे द्रव्य चरबीत साठते, लघवीवाटे सहजासहजी जात नाही. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात बाळांच्या अन्नात ड फार पडल्याने कित्येक बाळांच्या रक्तात कॅल्शियम भलतेच वाढले होते आणि सरकारला प्रमाण उतरवावे लागले होते.

याउलट ज्यांना खरोखर हवे त्यांचे काय? आपल्या देशात २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधात आणि खाद्यतेलात अ आणि ड घालण्याचे प्रमाण ठरवून दिले. पुढे ते पक्के झाले. पिशवीवर निळे एफ आणि अधिकचे चिन्ह दिसते ते त्याचेच. पण ऊन तर आहे ना? आहे, पण जे अतिनील किरण लागतात ते सूर्य वर असतानाच जमिनीवर नीट पोहोचतात. आपल्या आज्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात शेकवीत. ते सुखाचे खरे, पण ड च्या दृष्टीने ते ऊन फार दुबळे. खिडकीच्या काचेतून तर हे किरण येतच नाहीत. आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. माझ्या वर्गातली मुले सकाळी सातला रिक्षात बसतात, दुपारी शाळेतून शिकवणीला आणि संध्याकाळी पडद्यासमोर. पडदा हा शब्द इथे मी मुद्दाम योजला असे कुणी म्हणेल; म्हणू द्या.

शेवटी काही मुलांविषयी सांगायचे आहे. १९७८ साली अमेरिकेत असा एक रोगी वर्णिला गेला, की ज्याच्या रक्तात ड चे शेवटचे रूप भरपूर होते आणि तरी मुडदूस होता. पुढे अशी कुटुंबे इतरत्रही सापडली. निरोप पोहोचत होता, घेणाराच बिघडला होता. १९८८ साली अशा दोन कुटुंबांतल्या मुलांच्या ग्राहीचे जनुक तपासले, तेव्हा प्रत्येक कुटुंबात एकेक अक्षर चुकलेले आढळले. एवढ्या मोठ्या पोथीत एक अक्षर! या मुलांपैकी अनेकांच्या डोक्यावर केस नसतात, भुवयाही नसतात.

फ्रान्समध्ये अशा एका मुलाला डॉक्टरांनी महिनोन्महिने रात्रभर शिरेतून कॅल्शियम दिले. ड चे काम कॅल्शियम आतड्यातून आणण्याचे. ते आतडे वगळून थेट रक्तात घातले. १९८६ साली त्यांनी कळवले, की हाडे भरून आली आणि मुडदूस गेला. पुढे १९९७ साली ही ग्राहीच नसलेले उंदीर तयार केले, त्यांना भरपूर कॅल्शियम खाऊ घातले, आणि त्यांचीही हाडे सरळ झाली. केस मात्र त्या उंदरांचे गळाले ते गळालेच. ज्या मुलाला नुसते ड मिळालेले नाही, त्याचे केस असे जात नाहीत. तेव्हा केसांच्या मुळाशी ही ग्राही कोणत्याही निरोपाची वाट न पाहता एखादे पान उघडीत असली पाहिजे, असे शास्त्रज्ञ म्हणतात.